अनुभव धागा: तुमच्या वस्तीचं लोकेशन (पिन) टाकलं की जेवण मागवायचं ॲप काय दाखवतं?

मुंबईच्या एम पूर्व विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गोवंडी, बैंगणवाडी, मानखुर्दचे रुग्ण येतात. 'काल रात्री काय जेवलात?' असं विचारलं की पूर्वी डाळ-भात, फार तर नाक्यावरचा वडापाव असं उत्तर यायचं. आता विशीतली मुलं सरळ फोन पुढे करतात. ऑर्डरींची यादीच असते: बिर्याणी, शोर्मा, ट्रिपल शेजवान, वर थंड पेय. साखर वाढलेली, यकृतावर चरबी. 'बाहेरचं खाऊ नका' एवढं सांगून कुणाचंच जेवण बदलत नाही. म्हणून विचारते, तुमच्याकडे काय मिळतं, कोण मागवतं, का मागवतं? उपदेश नकोत. दुकानांची आणि ॲपची नावं टाळा.

बैंगणवाडीकर
का मागवतो ते ऐका. दहा बाय बाराची खोली, आई-बाबा दोघं कामावर. पाणी पहाटे येतं, भरलं तेवढ्यात दिवस काढायचा. रात्री सगळा स्वयंपाक केला की भांडी घासायला पाणी जातं. त्यात महिनाअखेरीस सिलिंडर आचके देतो. 'घरी शिजवलेलं स्वस्त' म्हणणाऱ्यांनी गॅस, पाणी आणि आईची झोप धरून हिशेब करावा.

ॲपचं गणित वेगळंच. एक बिर्याणी घेतली की छोट्या ऑर्डरचे जादा पैसे आणि डिलिव्हरीचे, दोन्ही लागतात. थोडं आणखी घेतलं की डिलिव्हरी फुकट. नुसते पैसे भरण्यापेक्षा माणूस फ्राइज किंवा गुलाबजाम वाढवतो. भूक एकाची, पार्सल दीड माणसाचं, आणि ते उरत नाही हो, फ्रिज कुठाय! रायडर गल्लीत येत नाही, मेन रोडपर्यंत जावं लागतं. तेवढाच काय तो व्यायाम.

दोनचाकी
आत न येणारा रायडर म्हणजे मीच. राहतो मानखुर्दलाच, त्यामुळे राग समजतो. पण गल्लीत बाईक वळत नाही, पिन भलतीकडे दाखवते आणि पुढची ऑर्डर डोक्यावर असते.

माझ्या जेवणाचं विचाराल तर इन्सेंटिव्ह, म्हणजे वरचे जादा पैसे, दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीत मिळतो. म्हणजे लोक जेवतात तेव्हा मी जेवायचं नाही. संध्याकाळी चहा-वडापाव, मध्यरात्री घरी जाऊन थंड भात. आमच्या ग्रुपवर ॲसिडिटीच्या गोळ्यांची चर्चा पेट्रोलच्या भावाइतकीच होते.

एक गंमत सांगतो. पवईला सॅलड, नाचणीचे बाउल, ग्रिल केलेलं चिकन नेऊन देतो. घरी येऊन तेच ॲप उघडलं की त्यातलं काही दिसत नाही. ॲप जवळची किचन दाखवतं, आणि आमच्या जवळ जे आहे तेच दिसणार.

पोळीवाली, येरवडा
मग घरगुती डबा ॲपवर का नाही, असं वाटेल. मी प्रयत्न करून पाहिला. अन्नसुरक्षेची नोंदणी सोपी, वर्षाला १०० रुपये. अडलं पुढे. ॲपचं कमिशन, पॅकिंग, फोटो, आणि वर सवलत, तीही माझ्याच खिशातून. नूडल्सवर भाव चढवता येतो. पोळी-भाजीवर नाही, कारण गिऱ्हाईक लगेच म्हणतं, 'एवढ्यात घरी होते.' मी ॲपमधून बाहेर पडले, आता चालत जाऊन डबे देते.

शेजारच्या गाळ्यात एकाच कढईवर ॲपवरची तीन-चार नावांची हॉटेलं चालतात. तळणाच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद, असा देशभर नियम आहे. ते मोजायचं यंत्र इकडच्या कुठल्या गाळ्यात मला अजून दिसलेलं नाही.

रेवदंडा ते ब्रॅडफर्ड
इकडचं लिहिते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१८ मध्ये आकडे दिले होते: सर्वांत गरीब भागांत फास्ट फूडची दुकानं सर्वांत श्रीमंत भागांच्या पाचपट. गेट्सहेड कौन्सिलने २०१५ मध्ये नियम केला की जिथे तिकडच्या सहावीतल्या (१०-११ वर्षांच्या) १० टक्क्यांहून जास्त मुलांत स्थूलता आहे, तिथे नव्या टेकअवेला, म्हणजे गरम पार्सल विकणाऱ्या दुकानाला, परवानगी नाही. चांगलं पाऊल. पण नियम दुकानाच्या जागेला लागतो, फोनला नाही. पलीकडच्या भागातला पिझ्झा दारात येतोच. २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात, ॲपवरही, पण २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांनाच. माझ्या कोपऱ्यावरचा कबाबवाला त्यात बसत नाही, आणि आमची वसाहत जेवते त्याच्याकडेच.

रुग्णालयात रात्रपाळी करते. पहाटे घरी आल्यावर भाजी चिरायची ताकद नसते, हे मात्र बैंगणवाडीकरांसारखंच.

नाव नको
सोसायटीतल्यांनी रविवारी मागवलं की 'जरा आराम', वस्तीतल्याने मागवलं की 'यांना आरोग्याची अक्कल नाही'. हेही लिहून ठेवा धाग्यात.

बैंगणवाडीकर
लिहिलं! शिवभोजन थाळीचंही घ्या. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत चपात्या, भाजी, वरण, भात. जेवण बरं, पण दुपारी ठरावीक वेळेत केंद्रावर जाऊन. कामावरचा माणूस जाणार कधी? ॲप रात्री एकलाही दार वाजवतं, म्हणजे मेन रोडवर वाजवतं.

धागाकर्ती
दोनचाकी, तुमच्यासारख्या वेळापत्रकात काय, कधी खाता येईल, त्यावर वेगळं लिहिते. गाडीच्या डिकीत टिकेल असंच सुचवेन, भिजवलेले चणे वगैरे. साखर तपासलीत का कधी? शनिवारी सकाळी या.

दोनचाकी
शनिवार-रविवार सोडून सांगा, मॅडम. तेव्हाच तर धंदा असतो.