मदत हवी आहे: टाइम स्टेप लहान केला की तापमान अजूनच चुकतंय

घाईतला
उद्या सकाळी 10 ला गाइडसमोर रिझल्ट ठेवायचेत. स्टीलचा ठोकळा 850 अंशांवरून तेलात क्वेंच (झटकन गार), संगणकावर ट्रान्झियंट रन, म्हणजे वेळेनुसार तापमान काढतोय. पृष्ठभागापासून 2 मिमी आतल्या नोड्सवर (तापमान काढतात त्या बिंदूंवर) 852 दिसतंय! गार होणारी वस्तू तापते कशी? टाइम स्टेप (गणनेच्या एका टप्प्याचा वेळ) 0.1 चा 0.01 सेकंद केला, तर 854. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

एक_घोट_चहा
सॉफ्टवेअर? मेश (ठोकळ्याचे तुकडे पाडणारी जाळी)? एलिमेंट (त्यातला एक तुकडा)? पत्रिका पाहून सांगायचं का?

घाईतला
अबॅकस. मेश नेहमीचीच.

शून्यविभाजक
फोरियर नंबर (एका स्टेपमध्ये उष्णता एलिमेंटच्या मानाने किती पसरते तो आकडा) बघा. एकमितीत 1/2, त्रिमितीत 1/6 च्या वर गेला की सोल्यूशन फुटतं. स्टेप अजून दहापट लहान करा.

कावेरीकाठ
ती अट एक्स्प्लिसिट पद्धतीची, जिथे पुढचं तापमान थेट मागच्यावरून काढतात. अबॅकस स्टँडर्ड बॅकवर्ड ऑयलर (नव्या क्षणाचं समीकरण सोडवणारी पद्धत) वापरतं, ते मोठ्या स्टेपला फुटत नाही. इथे दुखणं उलटं वाटतंय. एलिमेंटचा आकार आणि मटेरियलचे आकडे द्या.

भट्टीवाला
22 वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये गेली. गार होताना ऑस्टेनाइटचं पर्लाइट होतं (स्टीलची आतली रचना बदलते), तेव्हा उष्णता सुटते आणि तापमान खरंच चढतं. अंधारात तुकडा पुन्हा लाल झालेला मी पाहिलाय. सॉफ्टवेअर बरोबर आहे.

कावेरीकाठ
काका, ते 727 च्या खाली होतं. त्याने 850 चे 854 कसे होतील?

घाईतला
सुप्त उष्णता दिलेलीच नाही. सी (विशिष्ट उष्णता) 500, के (उष्णतावाहकता) 45, घनता 7850, सगळं स्थिर. एलिमेंट 4 मिमी, डीसी3डी20 (20 नोड्सचा, क्वाड्रॅटिक).

कावेरीकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर! घनता गुणिले सी गुणिले एलिमेंटच्या लांबीचा वर्ग, भागिले सहा के. ही स्टेपची खालची मर्यादा, मॅन्युअलमध्येच आहे. तुमची येते सुमारे 0.23 सेकंद. म्हणजे 0.1 सुद्धा कमीच होता. तेवढ्या वेळात थंडावा पहिल्या एलिमेंटच्या पलीकडेसुद्धा पोचत नाही. क्वाड्रॅटिक वक्र एका टोकाला खाली ओढला की मधल्या नोडला वर उसळतो. पृष्ठभागाजवळ लंब दिशेत 0.5 मिमी करा, मर्यादा 0.0036 वर येईल, मग 0.01 खुशाल ठेवा. किंवा डीसी3डी8 (8 नोड्सचा साधा एलिमेंट) घ्या, उसळी जाईल, पण पहिल्या काही स्टेप्सचे आकडे डोळे झाकून मानू नका. आणि डेल्टएमएक्स (एका स्टेपमध्ये चालणारा कमाल तापमानबदल) फार कमी ठेवलात तर ऑटोमॅटिक स्टेप कापत कापत पुन्हा मर्यादेखाली जाईल.

शब्दप्रेमी
'टाइम स्टेप'ला 'कालपद' छान नाही का? मराठी संस्थळावर एवढं तरी करूया.

एक_घोट_चहा
कालपद म्हटलं की 850 वर थांबेल?

शब्दप्रेमी
थट्टा सोपी असते.

शून्यविभाजक
म्हणून म्हणतो, स्वतःचा कोड लिहा. पायथनमध्ये 40 ओळी. आत काय चाललंय ते कळतं तरी.

घाईतला
दादा, उद्या 10 वाजता.

भट्टीवाला
तेलाचा एच (पृष्ठभागावरून तेलात उष्णता जाण्याचा गुणांक) काय दिलाय? आधी वाफेचं आवरण, मग जोराची उकळी, मग शांत. तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

घाईतला
0.5 मिमी केलं. 850 च्या वर आता काही नाही!! कावेरीकाठ, खूप आभार. काका, एच एकच दिलाय, 1500.

भट्टीवाला
मग गाइड पहिला प्रश्न तोच विचारणार.

घाईतला
तापमानानुसार एचचा टेबल कुणाकडे आहे का? आजच हवाय.

एक_घोट_चहा
तेल कोणतं, ढवळलेलं की नुसतं?