सांता फेचा स्पॅनिश मार्केट: 'पारंपरिक' काय ते ठरवायचं कुणी?

रानभैरी
जुलैच्या शेवटी सांता फेला (न्यू मेक्सिको, अमेरिका) गेलं की कित्येक वर्षं हेच चित्र. मधल्या चौकात ट्रॅडिशनल स्पॅनिश मार्केट, तिथे लाकडात कोरलेले संत म्हणजे बुल्तो, फळीवर रंगवलेले रेताब्लो, पत्र्याच्या फ्रेमा, लोकरीची कोल्चा भरतकामं. आणि त्याला लागून लिंकन अव्हेन्यूवर कंटेम्पररी हिस्पॅनिक मार्केट, तिकडे काहीही चालतं. माझ्या मते ही फाळणीच कृत्रिम आहे. मुळात पारंपरिक बाजार सुरू झाला 1926 ला, त्यामागची संस्था 1925 ची, पुढाकार लेखिका मेरी ऑस्टिन आणि चित्रकार फ्रँक ॲपलगेट यांचा, दोघंही बाहेरून येऊन स्थायिक झालेले गोरे. कोर्दोव्हा गावचा लाकूड कोरणारा होसे दोलोरेस लोपेस आधी आपलं काम भडक रंगात रंगवायचा, बाहेरच्या गिऱ्हाइकांना ते रुचेना, मग तो रंग न देता नुसतं कोरायला लागला आणि आता तीच म्हणे कोर्दोव्हाची खास शैली! गिऱ्हाइकाची आवड झाली परंपरा.

खडूस_काका
अहो पण पारंपरिक बाजारात काय चालेल याचे नियम नसते तर आज तिथे मोल्डमधून काढलेले प्लास्टिकचे संत विकले गेले असते, ते दिसत नाही का तुम्हाला? रेताब्लो करायचा म्हणजे पाइनची फळी हाताने तासायची, जिप्सम भाजून कुटून सरसात कालवून त्याचे थरावर थर द्यायचे, वाळले की घासायचे, रंग मातीचे आणि झाडपाल्याचे, वरून पिन्यॉन पाइनच्या राळेचं वार्निश. हे सगळं येणारी माणसं आज आहेत ती त्या बाजारात घरचं आणि हातचं लागतं म्हणूनच. कुणी सुरू केलं याचं काय एवढं, टिकलं ना?

रानभैरी
टिकलं, पण कुठल्या रूपात टिकलं काका. लुईस तापिआ या सांतेरोने (संत घडवणारा कारागीर) सत्तरच्या दशकात संतांना झगझगीत रंग दिले तर बाजारवाल्यांशी त्याचं वाजलं आणि तो बाहेर पडला. जुने बुल्तो काळपट दिसतात ते मेणबत्त्यांच्या धुराने आणि वार्निश जुनं झाल्याने, केले तेव्हा ते चांगले रंगीतच होते. म्हणजे जुनेपणाची नक्कल केली तर पारंपरिक आणि मूळच्यासारखं ताजं केलं तर मॉडर्न??

मीनल_ता
+1. आणि पत्र्याचं काय? सांता फे ट्रेल (अमेरिकेकडून येणारी व्यापारी वाट) 1821 ला सुरू झाली तरी पत्र्याचे डबे ढिगाने आले ते 1846 ला अमेरिकन फौज आल्यावर, तेलाचे न चरबीचे. रिकामे डबे कापून ठोकून लोकांनी मेणबत्तीचे स्टँड, फ्रेमा बनवल्या. स्पेनचं राज्य जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण कलोनियल आर्टच्या, म्हणजे स्पेनच्या राजवटीतल्या कलेच्या, बाजारात पत्रा अगदी मानाने बसलाय. म्हणजे भंगारातून केलेलं चालतं, फक्त ते भंगार पुरेसं जुनं हवं 😄

तिखट_मिरची
तुम्ही सगळे कला कला करताय, पण ज्यांच्या घरात हे संत असतात त्यांच्यासाठी तो देव आहे. पाऊस नाही पडला की सॅन इसिद्रोला (शेतकऱ्यांचा संत) शेतातून फिरवतात, नवस करतात. आता एकेका बुल्तोची किंमत हजारांत जाते, आणि घेणारा सांता फेमधल्या दुसऱ्या घराची शेकोटी सजवतो. डोंगरातल्या त्यांच्याच गावातल्या आजीला परवडतो तो छापील फोटो. दोन्ही बाजार मला सारखेच लांबचे वाटतात.

खडूस_काका
मग काय, सांतेरोने फुकट द्यायचा? सहा महिने खपून केलेलं काम आहे. किंमत मिळते म्हणून तर पोरं शिकायला येतात. लहान मुलांचे स्टॉल पण असतात तिथे, आईबापाशेजारी बसून आपली छोटी कामं विकतात ती पोरं, हे दुसरीकडे कुठे बघितलंय?

मीनल_ता
मुलांचं मान्य. पण त्याच पोरांनी उद्या जवळच्या एस्पान्योलातल्या लोरायडर (खाली बसवून सजवलेल्या) गाडीच्या बॉनेटवर ग्वादालुपे (माता मेरीचं मेक्सिकन रूप) रंगवली तर ती कुठल्या रांगेत बसवणार? देवी तीच, हातही तोच.

खडूस_काका
लिंकन अव्हेन्यूवर. पत्रा जुना व्हायला दोन-तीन पिढ्या गेल्या, ॲक्रिलिक रंगांच्याही जाऊ देत, मग बघू.

रानभैरी
तोवर करणाऱ्याने खायचं काय काका? सांता फेची घरभाडी बघितलीत का जरा?