कवलापूरचं विमानतळ: खरंच, की निवडणुकीपुरतं?

मिरजकर: कवलापूरला जुनी धावपट्टी आहेच. मग सांगलीच्या विमानतळाचं घोडं नेमकं कुठं अडतं?

तासगावकर: धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे हो. एटीआर-७२, म्हणजे साधारण सत्तर आसनांचं पंख्याचं विमान, पूर्ण भरून उडवायला साधारण १३०० मीटर लागतात, तेही समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यात एप्रिलचं ऊन! हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते; १७००-१८०० मीटर तरी धरा. शिवाय दोन्ही टोकांना ६० मीटर मोकळा पट्टा आणि पुढं किमान ९० मीटर सुरक्षा क्षेत्र. तीनशे मीटर जमीन तिथंच गेली. भाषणात हे कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठ: जमीन मिळेलही, पण प्रवासी? 'उडान' या केंद्राच्या छोट्या शहरांसाठीच्या विमानसेवा योजनेत कंपनीची तूट ३ वर्षंच भरून देतात, त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. जागा, पोलीस, अग्निशमनही राज्याच्याच गळ्यात. अनुदान संपलं की बऱ्याच मार्गांवर गाशा गुंडाळला जातो. शेजारी कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ असताना इथं वेगळं काय मिळणार?

मिरजकर: म्हणजे नकोच?

तासगावकर: आधी उजळाईवाडीला विमानाच्या वेळा धरून सुटणारी थेट एसटी द्या. तिला धावपट्टी लागत नाही.