बरोक काळातली नग्नाकृती: एचिंगमध्ये त्वचा जाळीसारखी दिसते, काय करावं?

रेघोटी:
डच चित्रकार रेम्ब्रांच्या 'टेकाडावर बसलेली नग्न स्त्री' (साधारण १६३१) या एचिंगच्या (प्लेटवरचा लेप सुईने खरवडून उघड्या रेघा रसायनाने कोरायच्या, मग शाई भरून छापायचं) अभ्यासासाठी तांब्याच्या प्लेटवर पोट आणि मांडी काढली. सावलीत रेघांचे दोन थर काटकोनात टाकले, तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये सलग ४० मिनिटं ठेवली. त्वचेऐवजी जाळी दिसतेय. बेंबीजवळ डाग पडलेत, कडेला काळे आणि मधे राखाडी. कुठे चुकलं?

ताम्रपट:
चुका दोन, आणि वेगवेगळ्या. काटकोनातली जाळी कापडाला, दगडाला शोभते, अंगाला नाही. दुसरा थर पहिल्याला ३० ते ४५ अंशांत तिरका टाका. कोन फारच लहान केलात तर नको तिथे लाटा उमटतात. रेघ पोटाच्या गोलाईवरून वळली पाहिजे. उजेडाकडे जाताना ती तोडा: आधी आखूड फटकारे, मग टिंबं, मग कोरा कागद.

डागांचं कारण असं की एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दाट टाकल्या की त्यांच्यामधे ग्राउंडचा (प्लेटवरच्या संरक्षक लेपाचा) जेमतेम कण उरतो. फेरिक क्लोराइड त्याच्याखालचं तांबं बाजूने पोखरतं आणि तो सुटतो. उघड्या पडलेल्या उथळ खड्ड्यातली शाई पुसताना निघून जाते, फक्त कडेला धरून राहते. म्हणून पहिला थर एकटाच ५-८ मिनिटं खाऊ द्या. प्लेट धुऊन वाळवा, उजेडातली त्वचा व्हार्निशने झाका, मग सावली २०-२५ मिनिटांपर्यंत न्या. दुसरा थर नव्या ग्राउंडवर.

आणि सैल मांस नीटनेटकं करायला जाऊ नका. आंद्रिस पेल्स या डच कवीने १६८१ मध्ये रेम्ब्रांच्या नग्न स्त्रियांच्या लोंबत्या स्तनांवर, पायावरच्या मोजेबंदांच्या वळांवर टीका केली. माझ्या मते या चित्रांचा सगळा जीव तिथेच आहे.

ब्युरिन:
फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या चित्रांवरून व्होर्स्टरमन, पोंटियस यांनी केलेली एन्ग्रेव्हिंग (रसायनाशिवाय, थेट हत्याराने कोरलेली छापचित्रं) शेजारी ठेवून पाहा. ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) खोल रेटला की रेघ फुगते, उचलला की निमुळती होते, त्यामुळे एकाच रेघेत छटा बदलते. हात स्थिर ठेवून उशीवरची प्लेट फिरवायची, तरच वळण सफाईदार येतं. फ्रेंच एन्ग्रेव्हर क्लोद मेलाँचं १६४९ चं ख्रिस्तमुख नग्नाकृती नाही, पण धडा तोच: नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच चक्राकार रेघ, छेद एकही नाही. एचिंगच्या सुईने अशी फुगीर रेघ मिळत नाही. त्यासाठी फ्रेंच एचिंगकार काल्लोने वापरलेली एशॉप, म्हणजे तिरप्या तोंडाची सुई, घ्या.

मखमल:
खोल सावलीसाठी रेम्ब्रांचीच १६५८ ची पाठमोरी पहुडलेली स्त्री पाहा. प्लेट जेमतेम ८ × १६ सेंमी, पण बारीक रेघांवर ड्रायपॉइंट (सुईने थेट तांब्यावर ओरखडलेल्या रेघा) असल्यामुळे पाठ सावलीत विरघळते. सुईने उठलेला तांब्याचा कंगोरा शाई धरतो म्हणून हा मऊपणा येतो. पण तो प्रेसखाली लवकर दबतो, चांगल्या प्रती दहा-वीसच निघतात. तेव्हा ड्रायपॉइंट सगळ्यात शेवटी, आणि पुसताना जाळीचं कापड हलक्या हाताने. उशिराच्या छापांवरून अभ्यास करू नका, त्यात हा कंगोरा उरलेलाच नसतो.

आहे ती प्लेट टाकू नका. डाग स्क्रेपरने खरवडा, बर्निशरने (घोटायच्या गुळगुळीत हत्याराने) तेल लावून घोटा. खळगा राहिला तर मागून हलके ठोकून पातळी वर आणा आणि तेवढंच पोट पुन्हा काढा.