घरून काम, पगारी नोकरी आणि आयकर: गोव्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला आई-बाबांच्या घरात राहून पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. पगार वर्षाला १५ लाख. त्यात मूळ वेतन महिना ६० हजार, घरभाडे भत्ता २४ हजार.

पावसाळ्यात मीटिंग चालू असतानाच वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला. जेवणाच्या टेबलावर बसून मान धरली, म्हणून खुर्ची आणली. शिवाय दर महिन्याचं फायबर इंटरनेटचं बिल. सगळ्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या, कारण एचआरने सांगितलं होतं, ‘रिटर्न भरताना वजावट मिळेल.’ सीएने डबा उघडूनही पाहिला नाही. म्हणाले, पगारदाराला फक्त प्रमाणित वजावट, म्हणजे पावत्यांशिवाय सगळ्यांना सारखीच मिळणारी ठरावीक रक्कम. माझा भाऊ त्याच घरातून, त्याच वायफायवर फ्रीलान्स डिझाइनचं काम करतो, त्याला मात्र हा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. हे मला फार लागलं.

आता बाबांना महिना २० हजार भाडं द्यावं म्हणते. घरभाडे भत्त्यावर सूट मिळेल का? आणि आपल्याकडच्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे त्यातलं अर्धं आईचं धरायचं का? बाबा निवृत्त शिक्षक आहेत, आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म भरतात.

प्रतिसाद

ताई, सीए बरोबर सांगतायत. पगारदाराने स्वतः केलेल्या अशा खर्चाला कायद्यात जागाच नाही.

आई-बाबांना भाडं देता येतं, पण ते खरंच दर महिन्याला बँकेतून गेलं पाहिजे. करार करा आणि वर्षाचं भाडं लाखावर जातं म्हणून बाबांचा पॅनही द्या. गोवा महानगरांत मोडत नाही, त्यामुळे मूळ वेतनाच्या ४० टक्क्यांची मर्यादा. तुमच्या बाबतीत सूट त्याहून कमी, १ लाख ६८ हजार: वर्षाचं भाडं २ लाख ४० हजार, वजा मूळ वेतनाचे १० टक्के.

पण कर मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धती आहेत, आणि ही सूट फक्त जुन्या पद्धतीत. २०२५-२६ साठी आकडे मांडून पाहिले. बचत-गुंतवणुकीवरच्या वजावटीचे (८०सी) पूर्ण दीड लाख धरूनही जुन्यात कर १,५८,१८४ रुपये येतो. नव्यात ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ९७,५००. म्हणजे भाड्याचा सगळा खटाटोप करून तुम्ही ६० हजार जास्त भराल, वर आई-बाबांच्या उत्पन्नात भाडं वाढेल ते वेगळंच.

अर्ध्या हिश्शाचं म्हणाल तर, आई-बाबांचं लग्न सामायिक मालमत्तेच्या पद्धतीत (नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून) असेल तर १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५अ लागतं. भाड्यातून ३० टक्के वजा करून उरलेलं दोघांत निम्मं-निम्मं. बँकेचं व्याजही तसंच. पेन्शन मात्र पगारात मोडते, ती बाबांचीच. ५अ लागलं की आयटीआर-१ चालत नाही, हे बाबांना आत्ताच सांगा, भाडं घेतलं नाही तरी.

खरी वाट कंपनीकडून जाते. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो वापरण्यावर कर नाही. खुर्ची कंपनीने स्वतःच्या नावावर घेऊन वापरायला दिली, तर वर्षाला किमतीच्या १० टक्केच तुमच्या उत्पन्नात धरतात. फोनचं बिल कंपनीने भरलं तर तेही करपात्र नाही. एचआरला हे लेखी विचारा, तोंडी नको.

धागाकर्ती

मनापासून आभार. भाड्याचा विचार सोडला. एचआरला आजच मेल टाकते, आणि रात्री बाबांसोबत त्यांचं रिटर्न घेऊन बसते.