मूळ मॅक पत्ता जपताना: तुमचे अनुभव लिहा

मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक. परवा कामावर लिनक्स सर्व्हरच्या बाँडमधून (अनेक नेटवर्क कार्डं एकत्र बांधून केलेलं एकच कनेक्शन) एक कार्ड सोडवलं. बाँडमध्ये शिरलेली सगळी कार्डं सहसा पहिल्या कार्डाचा पत्ता घेतात, बाँडचाही पत्ता तोच. मी नेमकं पहिलंच काढलं. सुटताच त्याला स्वतःचा मूळ पत्ता परत मिळाला, पण बाँड अजून तोच धरून बसलेला. मग ते सुटं कार्ड त्याच नेटवर्क स्विचवर चालू केलं. एकच पत्ता दोन पोर्टांवर! लोकांची कनेक्शनं तुटत होती, लागत होती. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) लॉगमध्ये स्पष्ट बजावलं होतं की या कार्डाचा कायमचा पत्ता बाँड अजून वापरतोय. ती ओळ मी तासाभराने वाचली.

आता कशालाही हात लावण्याआधी इथटूल या कमांडला मोठा पी (-P) देऊन प्रत्येक कार्डाचा मूळ पत्ता उतरवून घेतो. तुमच्यावर असं काही गुदरलंय का?

---

आमच्याकडे पूर्वी केबलवाल्याचं इंटरनेट होतं आणि त्याच्याकडे पीसीचा मॅक पत्ता नोंदलेला असायचा. एका जूनमध्ये विजा कडाडल्या नि कार्ड जळालं. नवं बसवलं, दिवे लागले, पण नेट नाही. केबलवाला फोन उचलेना. जळक्या कार्डावरचा स्टिकर काळवंडलेला. बाबांनी तो खिडकीशी तिरपा धरून बारा अक्षरं एकेक करून वाचली. बी की ८, यावर आमचा वाद. विंडोजमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' होतं, तिथे टाकला. ८ धरल्यावर लागलं. नव्या कार्डाचा स्वतःचा पत्ता आईच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवला.

---

मुलीच्या हॉस्टेलला वायफायसाठी लॅपटॉपचा पत्ता नोंदवावा लागतो. नोंद करूनही तिचं नेट चालेना. फोनवर तिला चालू पत्ता वाचायला सांगितला. दुसरंच अक्षर ई! तिथे २, ६, ए किंवा ई दिसलं की समजायचं, पत्ता कारखान्यातला नाही, स्थानिक पातळीवर दिलेला आहे. नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवरचा नेटवर्क सेटिंगचा प्रोग्रॅम) त्या एका वायफायपुरतं 'क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस' परमनंट, म्हणजे मूळचाच, करून दिलं. 'प्रिझर्व्ह' हाही पर्याय आहे, पण तो जोडताना जो पत्ता असेल तोच ठेवतो, मग तो मूळ असो वा नसो.

बाकी वायफायांवर मात्र बदललेला पत्ताच राहू द्या असं तिला बजावलंय. अँड्रॉइड १० पासून फोनही हेच करतात. स्टेशनवर, मॉलमध्ये आपला माग काढता येऊ नये म्हणून.

---

जुन्या डेबियनची (लिनक्सचा एक प्रकार) डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली तर ईथ० या नावाचं नेटवर्क कार्ड गायब. कार्डांना नावं देणाऱ्या यूडेव्हच्या नियमांच्या फाइलमध्ये ते नाव जुन्या कार्डाच्या पत्त्याला बांधलेलं, म्हणून नवं कार्ड ईथ१ झालं होतं. ओळ खोडून रीबूट केलं.

धागाकर्ते, तुमचा बाँड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप प्रकारचा (एक कार्ड चालू, बाकीची राखीव) असेल तर 'फेल ओव्हर मॅक' अ‍ॅक्टिव्ह करून बघा. कार्डं आपापला मूळ पत्ता ठेवतात आणि बाँडच चालू कार्डाचा पत्ता घेतो.