मदत हवी आहे: लेकीच्या हातातलं आखूड हाड आणि वाकडी करंगळी (पुणे)

नमस्कार. आम्ही सिंहगड रोडला राहतो. लेक चौदाची, नववीत. मध्यंतरी ती धाकट्याला मुठीवर महिने मोजायला शिकवत होती. जानेवारी उंचवटा, फेब्रुवारी खळगा, मार्च उंचवटा... आणि हा ओरडला, "ताई, तुझ्या हातावर मे महिनाच नाहीये!" खरंच नव्हता. अनामिकेच्या जागी नुसता खड्डा. इतकी वर्षं आम्ही 'बोट जरा आखूड आहे' म्हणून सोडून दिलेलं. नणंदेचंही तसंच आहे, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी ती घराण्याची खूण.

एक्स-रेत दिसलं की बोट ठीक आहे, तळहातातलं चौथं हाड आखूड आहे. त्याची वाढीची पट्टी लवकर मिटलीय, शेजारच्यांची अजून उघडी आहे. असं हाड कधी कधी पॅराथायरॉइडच्या (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींच्या) किंवा टर्नरसारख्या (मुलींमधल्या जन्मजात गुणसूत्रांच्या) दोषातही दिसतं, म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (त्याच ग्रंथींचं हार्मोन) सगळं करून घेतलं. रिपोर्ट नॉर्मल आले, जीव भांड्यात पडला.

त्रास खरा करंगळीचा. त्याच हाताची करंगळी मधल्या सांध्यात वाकते, आणि उंची झपाट्याने वाढायला लागल्यापासून जास्तच. मनगट आत वाकवलं की बरीच सरळ होते, मनगट ताठ केलं की पुन्हा आकडा. म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमी पडतोय, असं डॉक्टर म्हणाले.

एका ठिकाणी पाच मिनिटांत निकाल: हाड कापू, बाहेरून फ्रेम लावू, रोज एक मिलिमीटर वाढवू, सुट्टीत उरकून टाकू. सेंटीमीटरभर वाढवायला दहा-बारा दिवस, पण नवं हाड भरेपर्यंत पुढे कित्येक आठवडे फ्रेम तशीच, हे मी खोदून विचारल्यावर कळलं! दुसरे म्हणाले, पकड उत्तम आहे, हाडाला हात लावू नका. ओढताना टेंडन ताणले जाऊन सांधे आखडू शकतात. करंगळीला मात्र रात्री स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी) आणि व्यायाम. मला दुसरं पटतंय. लेक पहिल्याच्या बाजूने आहे, फोटोत हात मागे लपवते.

कुणाच्या मुलाचं हाड असं वाढवलंय का? नंतर मूठ पूर्वीसारखी वळली? स्प्लिंटने करंगळी किती महिन्यांत सुधारली, आणि मुलं तो रात्रभर ठेवतात तरी का? पुण्यात फक्त हाताचंच काम करणारे सर्जन आणि थेरपिस्ट माहीत असतील तर व्यनि करा.

तेल-मालिशचे उपाय कृपया नकोत, ते घरूनच रोज मिळतात.